कत्तल कोणे

स्फटिक दिसले तेव्हा सन्मतीच्या तोंडून आधी एक सणसणीत शिवी गेली आणि मग णमोकार मंत्र. क्रम चुकला हे त्याच्या लक्षात आलं, पण आनंदाला कुठला क्रम!

ज्याच्यामागे तो वर्षानुवर्षं हात धुऊन लागला होता, ती वस्तू खसखशीच्या दाण्याएवढीसुद्धा नव्हती. बेळगावातल्या प्रयोगशाळेची अंधारी खोली, मंद हिरवा दिवा, सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब आणि थेंबात धारदार कडांचे काही काळपट खडे. काही जीवाणूंना उजेड कळतो. ज्या प्रथिनामुळे कळतो, त्याचे हे स्फटिक. इंदूरच्या संशोधन केंद्रात नेऊन त्यांच्यावर क्ष-किरण सोडले, की त्या प्रथिनाची घडी कशी बसलीय आणि उजेड पडताच नेमकं काय हलतं, ते उलगडणार होतं. अडचण एवढीच, की हे प्रथिन आपल्या कामात फारच तरबेज. ट्यूबलाइटचा उजेड पडला तरी ते आकार बदले आणि स्फटिकाला तडे जात. हिरवा उजेड मात्र त्याला फारसा कळत नसे.

याआधीचे स्फटिक असेच गेले होते. झाडलोट करणाऱ्या अंबुबाईनं दार सताड उघडलं होतं. दारावर कन्नड पाटी होती, पण अंबुबाई पडली मराठीसाठी हटून बसलेल्या येळ्ळूर गावची. तिला कन्नड वाचता येत नव्हतं आणि येत असतं तरी तिनं हट्टानं वाचलं नसतं. सन्मतीचं डोकंच फिरलं. त्यानं तिथल्या तिथं एक कागद घेऊन देवनागरीत ठळक लिहिलं, ‘कत्तल कोणे. दार उघडू नये.’ सीमाभागातल्या सदलग्याच्या जैन घरात वाढलेला गडी. निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कन्नडात. अंधार म्हणजे कत्तल, खोली म्हणजे कोणे. रागाच्या भरात जे सुचलं ते त्यानं लिहिलं. त्या दिवसापासून अंबुबाई त्या दाराकडे फिरकली नाही.

स्फटिक मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील कुंथुनाथ, म्हणजे आप्पा, भेटायला आले. लेकाच्या कामाचा त्यांना कोण अभिमान! सन्मतीनं मागे कधीतरी फोनवर सोपं करून सांगितलं होतं, “आप्पा, ह्या जंतूंना डोळं असत्यात म्हणा की.” तेव्हापासून आप्पा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, भेटेल त्याला धरून सांगत, “आमच्या सन्मतीनं जंतूंचं डोळं हुडकल्यात.”

अंबुबाईनं त्यांना बाहेरच गाठलं.

“अण्णा, तुमचं पोरगं आत काय कापतंय कुणाला ठावं! मी न्हाय पाय ठेवत त्या कत्तलखान्यात.”

आप्पांनी दारावरचा कागद वाचला आणि ठसका लागेपर्यंत हसले. “अवो बाई, कत्तल म्हंजे काळोख! कन्नड हाय ते.”

“काळोखाला असलं नाव ठेवत्यात व्हय कोण?” म्हणत ती तोंड फिरवून गेली.

कँटीनमध्ये चहा पितानाही आप्पा हसत होते. हसता हसता सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “पर आत खरंच काय मरत न्हाय न्हवं?”

तेवढंसं प्रथिन मिळवायला सन्मती मोठमोठ्या चंबूंत जीवाणू वाढवी आणि मग आवाजाच्या लहरींनी ते सगळे फोडून टाकी. त्याशिवाय प्रथिन हाती लागत नसे. पण आप्पा आले होते वेगळ्याच कामाला. सदलग्यात मुनिमहाराजांचा चातुर्मास चालू होता आणि येत्या रविवारी आप्पांच्या घरी चौका, म्हणजे महाराजांच्या आहारासाठी सोवळ्यातला स्वयंपाक, लागणार होता. जन्मभर उराशी धरलेली इच्छा, की महाराजांचा आहार आपल्या घरी व्हावा आणि दारात लेकानं उभं राहून त्यांना बोलवावं. जीव मारून पोट भरणाऱ्याला तिथं जागा नाही.

“न्हाय, आप्पा,” सन्मती म्हणाला.

रविवारी तो सोवळं नेसून, हातात कलश घेऊन दारात उभा राहिला. शेजारी आप्पा, मागे आई. महाराज आले. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर टेकवलेली. ती बोटं खाली आली, की त्या दिवशी अन्नपाणी बंद. सन्मती पुढे झाला. “नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ.”

महाराज थांबले. आप्पांच्या डोळ्यांना धार लागली. तिघांनी महाराजांना प्रदक्षिणा घातल्या. आता उरले होते घरात नेण्याआधीचे शब्द.

“मनशुद्धी,” सन्मती म्हणाला आणि अडखळला. पुढचा शब्द होता वचनशुद्धी. माझं बोलणं शुद्ध आहे. ते या माणसासमोर आणि बापाच्या कानांदेखत म्हणायचं!

“वचनशुद्धी, म्हण की रं,” आप्पा कुजबुजले.

त्याला म्हणवेना. महाराज थोडा वेळ उभे राहिले. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मग त्यांची बोटं खांद्यावरून खाली आली आणि ते आल्या वाटेनं परत फिरले. दिवसातून एकदाच जेवणारा माणूस, त्यांच्या दारातून उपाशी गेला. मागे आईनं तोंडाला पदर लावला.

आप्पा उंबऱ्यावर बसले. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

“किती मरत्यात?”

“मोजता येत न्हाईत, आप्पा.”

“एकेंद्रिय जीव, नुसता स्पर्श कळणारं, म्हणून मनाची समजूत घातली असती रं मी. आपण चूल पेटवताव, रान नांगरताव, तिथं कोण वाचतंय? पर तूच म्हणालतास, त्यांस्नी दिसतंय.”

सन्मती काकुळतीला आला. दिसत नाही हो, डोळे बिळे काही नसतात, उजेडानं एक रेणू नुसता वळतो, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हे खरं म्हणावं तर तेव्हा फोनवर सांगितलेलं खोटं. आप्पांनी कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा?

“उद्या मी एकटा उभा ऱ्हातो दारात,” आप्पा म्हणाले.

दुपारी त्यानं पिशवी भरली. स्फटिक इंदूरला न्यायचे होते, आणि तो नेणार होता. तेही त्याला लपवता आलं नाही. लेक निघाला, की ‘ऱ्हा की रं एक दिस’ म्हणून आप्पा दर वेळी त्याची पिशवी धरून ठेवत. आज त्यांनी ती उचलून त्याच्या हातात दिली.