शोभाबाईच्या बोटांत बसलेला कीबोर्ड

मी एक जुना कीबोर्ड आहे. एक पाय मोडलाय, पण ऐट गेलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मित्रांनो, कारखान्यात झाला तो माझा जन्म मी मानत नाही. मी खरा जन्मलो १९९६ साली, वर्ध्याच्या साकेतच्या टायपिंगच्या दुकानात. पठ्ठ्याने मराठीचा स्वतःचा प्रोग्राम लिहिला आणि माझ्या बटणांवर अक्षरांची स्टिकरं चिकटवली. स्वतःच्या नावातली अक्षरं तेवढी मधल्या ओळीत, जिथे बोटं टेकतात तिथे. हौसच तेवढी!

त्याचे वडील श्रीनिवासराव म्हणाले, "अरे, अक्षरांच्या जागा सरकारनं ठरवून दिल्या आहेत ना? त्याच घे की."

"ते तर कोणालेही येते, बाबा," साकेत हसला. "माह्यावालं शिकला का माणूस दुसऱ्याच्या दुकानात जात नाई."

शेजारच्या दुकानदारांनीही आपापलं वेगळंच केलं होतं. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडत नसे. मला त्यात भारी मौज वाटे.

मग आंजीहून एसटीने येणारी शोभाबाई कामाला लागली. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्याच दहा बोटांवर. थोड्याच दिवसांत ती माझ्याकडे न बघता लग्नपत्रिका, अर्ज, प्रश्नपत्रिका धडाधड काढू लागली. "शोभाबाईसारखा हात वर्ध्यात नाई," साकेत गिऱ्हाइकांना सांगे. कौतुक तिचं व्हायचं, फुगायचो मी.

२००४ मध्ये साकेतला पुण्याला नोकरी लागली आणि दुकान बंद झालं. "घ्या, तुमालेच ठेवा," म्हणत त्याने मला तिच्या हातात दिलं. बाई बिचारी रडली.

पुढे एका कचेरीत टायपिस्टची जागा निघाली. शोभाबाई मला पिशवीत घालून परीक्षेला गेली. "साहेब, माह्याच कीबोर्डवर करू द्या. हात बसला आहे." साहेबांनी मला जोडलं. बाईची बोटं सुसाट सुटली, आणि पडद्यावर नुसता कचरा! अक्षरं साकेतच्या प्रोग्राममध्ये होती. माझ्यावर होते कागदाचे तुकडे. हे तिला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही नव्हतं. सगळी खोली खो खो हसली.

"बाई, आधी टायपिंग शिकून या," साहेब म्हणाले.

तिने तशीच बूथवर जाऊन पुण्याला फोन लावला. "साकेतभाऊ, तो प्रोग्राम पाठवा ना मले."

"तो? तो तर केव्हाच पुसून टाकला," साकेत म्हणाला. "इथं आम्ही सगळे सरकारीच वापरतो. तुमी काऊन नाई शिकल्या?"

घरी येऊन तिने नखाने माझी सगळी स्टिकरं खरवडून काढली.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला जपूही नका. पण कोणी हुशार माणूस तुम्हाला फक्त आपलंच शिकवू लागला, तर एवढं विचारा, हे शेजारच्या दुकानात चालतं का?

शोभाबाई आता कापूस वेचायला जाते. परत येऊन ओट्यावर बसली, की तिची बोटं आपोआप मांडीवर टेकतात, माझ्या मधल्या ओळीवर टेकायची तशी. कोपऱ्यात पडल्या पडल्या मी बघतो. ती टेकतात तिथे अजून साकेतचंच नाव आहे.