लहान ए, मोठा ए

प्लगचा डावा स्क्रू सैल होता — नखानं तो आवळताना सुलूला हसू आलं, कारण तारापूरच्या या कारखान्यात कॉम्प्युटरच्या पाठीमागे वाकायला तिच्याशिवाय कुणी धजत नाही. पोर्ट एकच, त्यातून मॉडेमची वायर फोनमध्ये आणि थेट मुंबईच्या ऑफिसात. पण कॉम्प्युटरच्या यादीत या पोर्टाच्या फाइली दोन : टीटीवाय-वन, आणि पुढे एकीला लहान ए, दुसरीला मोठा ए.

"एकाच दाराला दोन पाट्या? एक पुसून टाका," सकाळी कृष्णकांत साहेब म्हणाले होते.

"आतलं यंत्र एकच, म्हणून नंबर दोघींचा पाचच आहे, साहेब. पण दोन्ही लागतात."

मग तिनं चित्र काढून समजावलं, तेव्हा साहेबांनी मान डोलावली. नवापूरच्या मासळी सुकवणाऱ्यांची पोर साहेबाला शिकवते... सुलूला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

लग्न आठ दिवसांवर. होणाऱ्या सासूबाई, रंभाबाई, आज पालघरला भांडी घ्यायला गेल्या आहेत. भांड्यांवर नवं नाव घालायचं — पुष्पलता. नाव सुलूला विचारून ठरलं नव्हतं. "नाव बदललं म्हून मानूस बदलतंय काय?" आई म्हणाली, आणि सुलूलाही ते पटलं होतं. सुलू लहान अक्षरातली, पुष्पलता मोठ्या. आत मी एकच. त्यात रडण्यासारखं काय आहे?

फक्त... लहान ए म्हटलं की दार लगेच उघडतं. मोठ्या ए नं हाक मारली, तर पलीकडच्या मॉडेमचा होकार येईपर्यंत दाराशी तिष्ठत राहावं लागतं. हे मीच तर साहेबांना चित्र काढून समजावलं होतं, आज सकाळीच — मग पुष्पलतालाही असंच तिष्ठावं लागेल, हे मलाच कसं दिसलं नाही? स्क्रू कधीच घट्ट झाला होता, तरी तिचं नख तिथंच फिरत राहिलं.

टेबलावरचा फोन वाजला.

"पुष्पलता हाय का?" रंभाबाई. "दुकानातून बोलतेय. भांडीवाला मशीन घेऊन बसलाय. घालू ना नाव?"

तुमी म्हणाल तसं — एवढंच म्हणायचं होतं, ओठांवर आलंही होतं.

"मावशी, सुलू घाला."

पलीकडून ना होकार, ना नकार. नाव कोरणाऱ्या मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. कुठलं नाव, ते इथून कळत नव्हतं.  पण आपण होकारासाठी तिष्ठत नाही आहोत, हे सुलूच्या लक्षात आलं.