वेंधळीची दाढी

मित्रांनो, मी एक जुन्या वाणाची कोंबडी आहे आणि मला दाढी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. दाढी म्हणजे चोचीखाली आणि दोन्ही गालांवर असलेला पिसांचा दाट झुपका. आमच्या वाणात तो कोंबड्यालाही असतो आणि कोंबडीलाही. माझं नाव वेंधळी. हे नाव का पडलं ते सांगायचं, तर सगळं आयुष्यच सांगावं लागेल, आणि त्यातलं अर्धंअधिक मला अजून कळलेलं नाही. जेवढं कळलं तेवढं सांगते.

मी अंड्यातून बाहेर आले ती एका शिवणाच्या खोलीत. कोपऱ्यात एका बाजूने कापलेलं पुठ्ठ्याचं खोकं, वर उबेसाठी दिवा, खाली चिंध्यांचं अंथरूण. डोळे उघडले तेव्हा समोर एक बारीक, चकचकीत चोच वरखाली होत होती. टकटकटकटक! कापडावरचे दाणे ती न थकता टिपत होती. जी पहिल्यांदा दिसते आणि चोच मारून दाखवते ती आई, एवढं आम्हाला अंड्यातूनच ठाऊक असतं. म्हणून मी तिला आई मानलं. पुढे सगळे म्हणू लागले की ते शिलाई मशीन आहे. असेलही. पण ते थांबलं की मी चिवचिवाट करून घर डोक्यावर घ्यायची आणि सुरू झालं की गाढ झोपायची, त्याला तुम्ही काय म्हणाल?

मशीन चालवणारी बाई म्हणजे त्या घरची सून. ती लोकांचे कपडे शिवायची. तिची मुलगी एका जागी टिकायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आणि आजोबा, म्हणजे भिंगरीच्या बाबांचे वडील, आमच्या वाणाचे खरे वेडे. हा वाण आता फार थोड्या घरांत उरलाय, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी खुराड्यापुढे उभं केलं होतं.

"बघा, बघा. अशी दाढी पाहिलीत कुठे?"

"आमच्या साहेबांना आहे," तो म्हणाला आणि आकडा लिहून निघून गेला.

मी वाढले, तशी दाढीही वाढली. ती इतकी दाट झाली की मला फक्त समोरचं दिसायचं. बाजूचं नाही, खालचं तर मुळीच नाही. पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? मला वाटायचं, जग असंच असतं. त्याला पुढची बाजू तेवढी असते आणि बाकीच्या गोष्टी अधूनमधून कुठूनतरी पडतात. हात असाच पडायचा. बादली अशीच पडायची. मी दचकून उडायची आणि पाण्याच्या भांड्यात जाऊन उभी राहायची. "अगं वेंधळे!" भिंगरी म्हणायची. झालं, तेच नाव चिकटलं. सगळ्या बहिणींत मीच बावळट, हे ठरून गेलं. मलाही ते पटलं. चारचौघं सांगतात ते खरंच असणार ना?

दाढीत मात्र माझा हात कुणी धरला नसता. दूर कुठेतरी जुन्या वाणांचा मेळावा भरायचा होता. आजोबा मला तिथे नेणार होते. माझी अंडी पुढच्या पिलांसाठी राखून ठेवायची, असंही त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. "हिच्या दाढीला कुणी हात लावायचा नाही," ते बजावत. "दाढी हीच हिची ओळख."

हात लावायचा नाही, पण कंगवा चालत होता. भिंगरीच्या बाहुलीचा एक गुलाबी कंगवा होता. बाहुलीचे केस विंचरून विंचरून संपले होते, तेव्हा तो आमच्याकडे आला. रोज संध्याकाळी भिंगरी पायरीवर बसायची आणि आम्हाला एकेक करून मांडीवर घ्यायची. मित्रांनो, त्या सुखाचं काय सांगू? डोळे आपोआप मिटत.

एके दिवशी आजोबांच्या मित्राने आमच्याच वाणाची एक कोंबडी पाठवली. नव्या रक्ताची, म्हणून आजोबा हरखून गेले. टोपलीतून काढली आणि थेट आमच्यात सोडली. तिचं नाव पडलं पाहुणी. संध्याकाळी भिंगरी कंगवा घेऊन आली. मी सवयीने पुढे झाले, तर मला बाजूला सारून ती म्हणाली, "थांब गं, हावरट! पाहुण्यांचं आधी असतं."

घरात तिला हेच शिकवलं होतं, आणि ते चुकीचं तरी कसं म्हणायचं? तिने पाहुणीला विंचरलं. मग तोच कंगवा माझ्या दाढीत आला.

त्यानंतर माझं काय झालं ते मला उमगेना. आधी हनुवटीखाली काहीतरी चालल्यासारखं वाटलं. मग खाज सुटली. पायाने खाजवावं तर ती गालावर पळायची, गालावर खाजवावं तर मानेत शिरायची. खाजवून खाजवून माझा एक डोळा चिकट झाला. भिंगरीला माझी दया आली. "खाज सुटलीय का गं तुला? ये, विंचरते," म्हणून ती मला दोनदोनदा विंचरू लागली. विंचरताना बरं वाटायचं आणि थोड्या वेळाने आणखी खाजायचं. माया आणि खाज एकाच कंगव्यातून कशी येते? मी तासन्‌तास एका पायावर उभी राहून विचार करायची. उत्तर यायचं नाही, दुसरा पाय मात्र खाजवायला लागायचा.

सूनबाईने दाढी कोमट पाण्याने धुतली. ती वाळेचना. ओल्या दाढीला भुसा चिकटला आणि मी शिंकू लागले. आजोबा म्हणाले, पिसं गळायचे दिवस आले असतील, होईल बरी. मी दाणे टिपायला जायची, तर चोच दाण्याच्या शेजारी पडायची. अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. पण दाढी आणि पिसांचा फुगवटा एवढा, की वरून मी गुटगुटीतच दिसायची. कुणाला शंका यावी तरी कशी?

शंका आली ती सूनबाईला. एका सकाळी तिने मला उचललं आणि ती चपापली. "बाबा, अहो ही कागदासारखी हलकी झालीय!"

मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मला शिवणाच्या टेबलावर ठेवलं आणि जे आजवर कुणीच केलं नव्हतं ते केलं. दाढीची पिसं बोटांनी बाजूला करून आत बघितलं.

"या, बघा इकडे. उवा आहेत. आणि लिखांचे हे गठ्ठे, पिसांच्या मुळाशी घट्ट चिकटलेत."

खोलीतल्या सगळ्यांचे हात आपापल्या डोक्याकडे गेले.

"घाबरू नका, कोंबडीच्या उवा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत," डॉक्टरीणबाई हसल्या. पण भिंगरीचं खाजवणं काही थांबलं नाही. मग त्या गंभीर झाल्या. "या डोळ्याखाली जखम चिघळलीय. दाढी मुळापर्यंत कापल्याशिवाय औषध पोचायचं नाही. अजून थांबलात तर डोळा जाईल. अंगात ताकद उरली नाहीये, जीवही जाऊ शकतो."

"दाढी कापायची?" आजोबा मटकन स्टुलावर बसले. "अहो, मेळावा तोंडावर आलाय."

"मेळाव्याला यंदा एकही कोंबडी न्यायची नाही. तिथे साऱ्यांना उवा वाटत फिरणार आहात का?"

सूनबाईने खणातून दोरे कापायची छोटी कात्री काढली आणि उकळत्या पाण्यातून काढून पुसली.

"बाबा, तुम्ही हिचे पाय धरा."

"माझ्याच्याने बघवणार नाही, सूनबाई."

"बघू नका. नुसते धरा."

त्यांनी धरले. तोंड मात्र त्यांनी भिंतीकडे केलं. कात्री माझ्या गालाजवळ कचकच करू लागली. मला वाटलं, संपलं सगळं. पण सूनबाई कापडापेक्षाही हलक्या हाताने कापत होती आणि पुटपुटत होती, "झालं हं बाळा, झालं, एवढंच राहिलं." भिंगरीला थोपटतानाही ती असंच पुटपुटायची.

डॉक्टरीणबाईंनी बाकीच्या कोंबड्याही तपासल्या, तर सगळ्यांकडे उवा निघाल्या. पाहुणीच्या दाढीत तर उवांची वसाहतच होती. "बाहेरून आलेली कोंबडी काही आठवडे वेगळी ठेवायची असते, आजोबा. आणि हिच्यापासून बाकीच्यांपर्यंत इतक्या झटपट पोचल्या कशा?"

भिंगरीने मुठीतला गुलाबी कंगवा हळूच टेबलावर ठेवला. "मी दिल्या," ती म्हणाली आणि भोकाड पसरून रडू लागली.

सूनबाईने तिला जवळ ओढलं. "तू मायेनंच विंचरलंस गं. आम्ही मोठी माणसंसुद्धा वरवर बघत बसलो ना. आत डोकावून कुणी बघितलंच नाही."

मला शिवणाच्या खोलीत ठेवलं. पंखांखाली, शेपटीखाली पावडर, डोळ्यात मलम. लिखांमधून नव्या उवा निघतात म्हणून काही दिवसांनी पुन्हा तीच पावडर. आणि मित्रांनो, डोळ्याची सूज उतरली तशी एक भलतीच गोष्ट झाली. जगाला बाजू फुटल्या! एकीकडे दार होतं. दुसरीकडे खिडकी होती. बादली कुठून पडत नव्हती, कुणीतरी ती आणून ठेवत होतं. भिंगरी दारातून चालत यायची, अख्खी, पायांसकट! इतकी वर्षं हे सगळं कुठे ठेवलं होतं? मला गरगरल्यासारखं झालं. त्यातच स्टीलच्या डब्यात कुणी एक बोडकी, फाटक्या तोंडाची कोंबडी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तिला टोचलं, तिनेही मला टोचलं. उद्धट कुठली!

माझी चाल बघून सूनबाईच्या हातातलं शिवण थांबलं. "बाबा, ही आता कशालाच धडकत नाही. ही वेंधळी नव्हतीच हो. हिला दिसतच नव्हतं."

आजोबा उठून बाहेर गेले. दाढी गेल्यापासून ते माझ्याकडे नीट बघत नसत.

मी बरी झाले, बाकीच्यांचाही औषधोपचार झाला, खुराडं धुऊन जुना भुसा जाळून टाकला. मग मला परत सोडलं. मी आनंदाने बहिणींकडे धावले, तर सगळ्या मिळून अंगावर आल्या! त्यांनी मला टोचून टोचून कोपऱ्यात कोंबलं. मी ओरडत होते, "अगं, मी! मी वेंधळी!" पण त्यांच्या लेखी वेंधळीला दाढी होती. मग मलाच शंका आली. दाढी हीच ओळख, असं आजोबा म्हणायचे. ती तर कात्रीने गेली. मग मी कोण? डब्यातली ती बोडकी तर नव्हे?

तो मेळाव्याचा दिवस होता. आजोबा घरीच होते आणि तोंड पाडून आमच्यासाठी राखेची पाटी भरत होते. राखेत लोळलं की उवा कमी होतात. त्यांनी माझी दशा पाहिली, पाटी खाली ठेवली आणि मला उचलून छातीशी धरलं. दिवस मावळून बहिणी खुराड्यातल्या दांडीवर झोपायला बसेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. मग त्यांनी मला दोघींच्या मधे अलगद बसवलं.

"अंधारात कोण बघतंय दाढी?" ते माझ्या कानात म्हणाले. "बस गुपचूप. आमचीच आहेस तू."

सकाळी शेजारच्या दोघींनी डोळे उघडले, मला बघितलं आणि जांभई दिली. रात्रभर जिची ऊब घेतली ती परकी कशी असेल? की त्यांना एवढा विचार जमतच नाही? मला कळलं नाही, मीही जांभई दिली.

पुढे मी अंड्यांवर बसले. पिलं निघाली, तेव्हा एकालाही माझी दाढी दिसली नाही, तरी सगळी माझ्याच पोटाखाली शिरली. आणि त्यांच्या हनुवटीखाली बारीक लवेचे गोळे होते. आजोबा चष्मा पुसून पुसून ते बघत राहिले.

मित्रांनो, आता मी म्हातारी झालेय. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला अरुंद तोंडाच्या भांड्यात पाणी द्या, म्हणजे दाढी भिजणार नाही. नवा पाहुणा आला तर त्याचा पाहुणचार जरूर करा, पण वेगळ्या खोलीत. आणि माया करताना पिसं बाजूला करून आतही बघा. वरून सगळेच गुटगुटीत दिसतात.

पिसं गळून नवी आली, तशी माझी दाढीही परत आली. डोळ्यांपुढची पिसं सूनबाई कातरते, तरी जगाच्या बाजू थोड्या थोड्या पुसल्या जातातच. पण आता हात कुठूनही पडत नाही. भिंगरी आधी लांब उभी राहते आणि म्हणते, "वेंधळे, मी उजवीकडून येतेय हं."

उजवीकडे म्हणजे कुठे, ते मला आजही कळत नाही. मी आपली आवाजाकडे मान वळवते, आणि ती तिथेच असते.