उबेची जागा

"आई, आधी आडव्या व्हा बघू. इथं, चुलीच्या अंगाला, मस्त ऊब आहे," म्हणत यन-सुकनं सासूसाठी गादी पसरली, आणि त्या सासूच्या, ओक-बुनच्या अंगावर सर्रकन काटा आला.

सकाळी किमचीच्या लोणच्यासाठी मिठात मुरवलेल्या कोबीचं घमेलं उचलताना तिच्या कमरेत उसण भरली होती. भिंतीला धरून ती कशीबशी उभी होती.

"तिथं नाही!" ती ओरडली. "मेले तरी तिथं नाही निजायची."

त्या जागी जमिनीवर चिकटवलेल्या तेलकागदाला तपकिरी डाग पडला होता. मुलानं कागद बदलला, तरी डाग परत उमटला. चुलीची धग जमिनीखालून खेळवलेली, उमटणारच. पण ओक-बुनला तो नवऱ्याच्या, दल-सूच्या पाठीचा वाटे. दल-सूलाही अशीच कोबी उचलताना उसण भरली होती. घरातली सगळ्यात उबदार जागा दुखणेकऱ्याला द्यायची, ही गावाची रीत. तिनं दिली. हिवाळाभर भरवलं, पुसलं, कुशीवरसुद्धा स्वतःच वळवलं. त्याच्या पायांच्या काटक्या झाल्या, छातीत कफ साचला, आणि बर्फ वितळायच्या आत तो गेला. बायको असावी तर अशी, असं गाव म्हणालं.

शेवटी यन-सुकनं तिला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं तिचे पाय उचलून पाहिले, कुठं बधिर वाटतं का, लघवी नीट होते का, सगळं विचारलं.

"फोटो काढ की रे आतला. काय मोडलंय ते तरी कळू दे."

"काही मोडलेलं नाही, आजी. साधी उसण आहे, फोटो कशाला? शेका. फारच दुखलं तर जेवल्यावर ही गोळी. पण अंथरूण धरू नका. झेपेल तेवढं हिंडायचं. काही आठवड्यांत बरं वाटेल."

"दुखत असताना हिंडू?"

"थोडं दुखेल, पण त्यानं इजा नाही होत. पडून राहिलात, तर कंबर उलट जास्त धरेल."

"हे कधी ठरलं?"

डॉक्टर हसला. "फार जुनं आहे, आजी. मी शिकायला लागलो त्याच्याही आधीचं."

परतताना तिला दल-सू आठवत राहिला. "अगं, त्या वाटेवरच्या पर्सिमनच्या झाडापर्यंत जाऊन येतो," दल-सू रोज म्हणायचा. रोज ती दटावायची, "गप पडा!" आणि रजई त्याच्या गळ्यापर्यंत ओढायची. मायेनंच ओढायची, देवा!

घरी आल्यावर तिनं सुनेला गादी गुंडाळायला लावली. डागाशी जाऊन उभी राहिली.

"अहो, उठा," ती हळूच म्हणाली. "चालायचं असतं म्हणे."

मग कमरेवर हात ठेवून अंगणात उतरली आणि झाडाकडे निघाली, एकेक पाऊल, पायवाटेच्या अगदी कडेकडेनं.

"आई, मधून चाला की!" यन-सुक दारातून ओरडली. "एवढी वाट मोकळी आहे!"

ओक-बुन कडेनंच चालत राहिली, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.