हौसाचे चार आणे

बळीरामला गावात लोक शेठ म्हणायला लागले ते जमीन विकल्यापासून. त्याआधी तो बळ्याच होता. जमीन बापाची, म्हणजे थोरल्या बहिणीचा, हौसाचाही त्यात वाटा. पण बहिणीने भावापुढे सातबाऱ्याचं नाव काढायचं नाही, ही आपल्याकडची जुनी, भावांच्या सोयीची रीत. तिने हक्कसोडीच्या कागदावर मुकाट सही केली. आई गेल्यावर एवढंच मागितलं, "आयच्या डब्यातले चार आणे मला दे." बळीरामला हसू आलं होतं. डबा त्याने तिथल्या तिथे देऊन टाकला.

परवा त्याच्या मुलाने, केतनने, मोबाइल पुढे धरला. काळा चष्मा लावलेला एक माणूस सांगत होता की इंग्रजांच्या राज्यातलं चांदीचं चार आण्याचं नाणं घरात असेल तर तुम्ही लखपती झालात म्हणून समजा. "बाबा, आजीच्या डब्यात चार आणेच होते ना?" बळीरामचा घास तोंडातच राहिला.

पनवेलच्या बाजारात ओळखीचा सराफ होता. तो म्हणाला, "शेठ, चांदीचं असलं तर नगाला तीनचारशे, फार तर थोडं वर. लाख त्या मोबाइलमध्येच." बळीरामला वाटलं, हा आपल्याला दाबतोय. हाव सुटली की खरं बोलणाराच आधी लबाड दिसतो.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी उरणला घातली. हौसा अंगणात जवळ्याची सुकी मासळी निवडत बसली होती. भावाला बघून तिला कुठे ठेवू नि कुठे नको झालं. "अगो दीपिका, मामा आलाय, चाय टाक!" तिने सुनेला हाक मारली. गेली काही वर्षं बळीराम भाऊबीजेलाही फिरकला नव्हता. ओवाळणी केतन मोबाइलवरून धाडायचा.

चहा संपेपर्यंत बळीरामने दम धरला. मग म्हणाला, "बाय, तो आयचा डबा हाय ना तुज्याकडं? नातवंडांना दाखवीन म्हनतो. आयची आठवण."

हौसा काही न विचारता आत गेली. डबा आणून तिने रिकाम्या सुपात उपडा केला. बळीराम वाकला. एक नाणं उचललं, दुसरं उचललं. राजा नाही, राणी नाही, चांदी तर नाहीच. सगळ्यांवर सिंहाची मुद्रा आणि आकडा पंचवीस. आपल्याच राज्यातले पंचवीस पैसे, सरकारने कधीच बाद केलेले.

"बाय, हे तर पंचवीस पैसे!"

"मंग? चार आणेच ना ते?" हौसा हसली. "तू मिठागरावर आयसोबत टोपल्या उचलायचास. मजुरी मिळाली की भाऊबीजेला माज्या ताटात चार आणे घालायचास. सासरी खर्च होतील म्हनून आयकडं ठेवायला द्यायची मी. तुजी वळाखलीस नाय व्हय ओवाळणी?"

बळीरामच्या हातातलं नाणं सुपात पडलं. आईची म्हणून मागायला आला ती नाणी आईची नव्हतीच. त्याने स्वतः दिलेली ओवाळणी तो परत मागायला आला होता. असं कुठल्या भावाने केल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

दाराशी उभी असलेली दीपिका हळूच म्हणाली, "मामा, तो चांदीच्या नाण्यांचा व्हिडिओ आमाला पण आलेला. आई बोलल्या, चांदीचे असते तरी इकले नसते."

"तू गप गो!" हौसाने तिला दटावलं. पण आता तिनेही भावाकडे नीट बघितलं. कडक इस्त्रीच्या शर्टातला, बोटात तीन अंगठ्या घातलेला शेठ खाली मान घालून बसला होता. तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्यालाही कळलं. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

तिने नाणी परत डब्यात भरली, झाकण लावलं आणि डबा त्याच्या मांडीवर ठेवला. "ने. मागायला आलास तर रिकामा कसा धाडू? सही मागितलीस तवा पण नाय म्हटलं नव्हतं."

जमिनीचं बोलावं, तुझा वाटा देतो म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण जीभ रेटेना. वाट्याच्या रकमेचा आकडा डोळ्यांपुढे आला आणि शब्द मागे फिरला. त्याऐवजी हात खिशात गेला. नोटांची घडी त्याने सुपात ठेवली.

हौसाने ती उचलून त्याच्याच खिशात कोंबली.

"र्‍हाऊ दे, बळ्या. आज भाऊबीज नाय."

बळीराम डबा खाली ठेवून उठला. तो तिथेच राहू द्यावा, एवढं तरी करावं, असं मनात आलं. पण ती गाडीपर्यंत आली, डबा तिने त्याच्या हातात दिला, आणि त्याने तो घेतला. नको म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं.