कापलेली अठरा मिनिटं

हेमलताचं चॅनेल अकरा वर्षं टिकलं, आणि नुसतं टिकलं नाही, चांगलं राहिलं. तेव्हाच सुरू झालेली बाकीची चॅनेलं बघा. कुणी ओरडायला लागलं, कुणी दर दोन मिनिटांनी तेलाची जाहिरात करतं, कुणाचं स्वयंपाकघर इतकं चकाचक झालं की फोडणी द्यायची भीती वाटावी. आमची बाई अजून त्याच ओट्याशी सुती साडीत उभी राहते, "जय भीम, नमस्कार" म्हणते आणि कांदा चिरायला घेते. नोएडात बसून विदर्भाचं जेवण शिकवते. लिहिणाऱ्या प्रत्येकाला स्वतः उत्तर देते आणि लोक त्यावरच भाळलेत.

हे असंच चालावं म्हणून मी आठ वर्षं चोरी करत होतो. तिला कळलं तर ती माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी यशवंत, तिचा नवरा आणि पेशाने कात्रीवाला. खासगी वाहिन्यांचं पेव फुटलं तेव्हा, सत्त्याण्णव साली, नागपूर सोडून इथे आलो. आमच्या सेक्टरात तेव्हा घरं कमी आणि खड्डे जास्त होते. बातम्यांच्या वाहिनीत चोवीस वर्षं दृश्यं कापली. पडद्यावर तीन सेकंद काही घडलं नाही की माझा हात शिवशिवतो. हेमलताचे व्हिडिओही मीच कापतो.

दोन हजार सोळा साली तिने मडक्यावरची लांब रोटी दाखवली. सैल कणीक पाणी लावत लावत आपटायची, हातावर झुलवून रुमालासारखी पसरायची आणि तापल्या पालथ्या मडक्यावर टाकायची. आपटण्याचं काम अठरा मिनिटं चाललं होतं. एक बाई, एक परात, थप थप. कोण बघणार? मी त्याचे वीस सेकंद केले. त्या भरात तिचं एक वाक्यही गेलं: "घड्याळ लावून आपटा, अठरा मिनिटांच्या आत थांबलात तर रोटी फाटेल."

व्हिडिओ धो धो चालला. आठवड्याभरात पहिली तक्रार आली, रोटी फाटते म्हणून. माझं मला लगेच कळलं. तेव्हाच सांगितलं असतं तर दोन शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. पण ती त्या दिवशी फार खूश होती, आणि मी भित्रा. मी तक्रार पुसली. मग दुसरी, तिसरी. ती दुपारी उत्तरं लिहायला बसायची, मी सकाळीच चाळणी लावून ठेवायचो.

मागच्या रविवारी बेल वाजली. दारात पंचविशीची मुलगी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत मडकं.

"जय भीम काकू, मी ऋचा. गुरुग्रामहून आले, मेट्रोने. चॅनेलवर पत्ता होता ना तुमचा. सॉरी हां, असं बिना फोन किए."

हेमलताने तिला पाणी दिलं, बसवलं.

"काकू, मी चार वेळा लिहिलं तुम्हाला. रोटी फाटते, काय चुकतंय? तुम्ही सगळ्यांना रिप्लाय देता यार, मला एकदा पण नाही. आणि माझे कमेंटच दिसत नाहीत. मला वाटलं, नाराज आहात का?"

हेमलताने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. पितळ उघडं पडलं होतं, आणि खरं सांगतो, थोडं हलकंही वाटलं.

हेमलता उठली. ऋचाला आत नेलं, कणीक काढली, घड्याळ समोर ठेवलं. दुपारी ती पोर दोन अखंड रोट्या डब्यात घेऊन हसत गेली. दार लावून हेमलता माझ्यासमोर बसली.

"किती पुसल्या?"

"मोजल्या नाहीत."

"मला वाईट वाटू नये म्हणून?"

"हो."

"मला शिकवायचं होतं हो. वाईट वाटलं असतं तर वाटलं असतं."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

मूळ चित्रण मी कधी फेकत नाही. संध्याकाळी ते आख्खं, एकही कात्री न लावता, तिच्यासमोर चॅनेलवर चढवलं. वर तिने लिहिलं: "आधीच्या व्हिडिओत महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली. ज्यांच्या रोट्या फाटल्या, त्यांनी इथे लिहा. आता उत्तर मिळेल." माझं नाव कुठेच घातलं नाही. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

सकाळी ती चष्मा लावून एकेक वाचत होती. कुणी आभार मानले, कुणी फार लांब झालं म्हणून कुरकुर केली. एकीपाशी ती थांबली आणि मोठ्याने वाचलं: "हेमलताताई, मी सोळा साली विचारलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांना लांब रोटी खायची होती. तीनदा केली, तिन्ही वेळा फाटली. त्या त्याच महिन्यात गेल्या. आज कळलं कुठे चुकत होतं. कुमुद, पानिपत."

हेमलताने फोन माझ्या हातात दिला. "याचं उत्तर तुम्ही लिहा."

ती स्वयंपाकाला गेली. मी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. आयुष्यभर लोकांची वाक्यं कापली, पण स्वतःचं एक जुळवता येईना. कुकर झाला, भाजी झाली. शेवटी लिहिलं: "कुमुदताई, तुमचा प्रश्न हेमलतापर्यंत पोचलाच नाही. तो मी पुसला होता. मी तिचा नवरा."

पुढे काय लिहावं सुचेना. ती पदराला हात पुसत आली, माझ्या खांद्यावरून वाचलं.

"पुरे," ती म्हणाली. "पाठवा."