पाटातल्या ढलप्या

कल्पना करा, बाळांनो, तुमचे पाय गिरणीच्या पाटात आहेत. वर आल्प्सचा बर्फ वितळतोय, पाणी इतकं गार की बोटं बधिर व्हावीत. गिरणीवाल्याची पेरोनेल तशीच उभी आहे आणि पाण्यातून एक लाकडाची ढलपी पकडते आहे.

"भाऊ, आज मामाने रंधा धरलाय बघा!"

एमॉन गाढवावर पिठाची पोती चढवत होता. "कोण काय करतं, मला काय ठाऊक?"

"रोज त्याला पाव तुम्हीच देता ना?"

"भिंतीतल्या खिडकीत ठेवतो. ती आतून वाकडी आहे. पलीकडचा माणूस दिसत नाही."

"इतकी वर्षं? मी असते तर आत डोकंच घातलं असतं!"

"म्हणूनच मुलींना आत घेत नाहीत," एमॉन म्हणाला आणि हसला.

वरच्या कार्थुसियन मठात प्रत्येक साधू आपल्या घरात एकटा राही. पेरोनेलचा मामा त्यांच्यातलाच एक. आतली गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा नियम. एमॉन मठाचा सेवक, मूळचा मेंढपाळ. नियम तोही पाळत आला होता. पाट मात्र साधूंच्या बागांमधून खाली गिरणीकडे येई. पुस्तकांच्या बांधणीसाठी फळ्या तासायचं काम एकट्या मामाकडे होतं. तासून झालं की तो ढलप्या पाटात लोटी. पेरोनेलच्या वाट्याला मामा तेवढाच यायचा. त्या ढलप्या ती खिडकीत वाळवून ठेवी.

ईस्टरनंतर एका सकाळी एमॉनला आदल्या दिवसाचा पाव खिडकीत तसाच दिसला. पावाला हात लागलेला नसेल तर मठाधिपतींना कळवायचं असतं. तो धावतच गेला.

पाट नुसताच वाहू लागला.

"मामा आजारी आहे का हो?" पेरोनेल विचारी. एमॉन गाढवाचा पट्टा आवळत राही. पट्टा आधीच आवळलेला असे.

उन्हाळ्यात ढलप्या पुन्हा आल्या. पेरोनेल ओरडत पाण्यात उतरली आणि एक हातात घेऊन उलटसुलट बघू लागली. जाड होती, मध्येच तुटलेली.

"ही मामाची नाही. त्याची कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते."

एमॉनने खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं.

"नवीन आहे," तो म्हणाला. "हात बसायचाय अजून."

पेरोनेलने नाक पुसलं. "मामाच्या थडग्यावरच्या क्रुसावर नाव लिहिलंय?"

"आमच्यात कुणाचंच लिहीत नाहीत, पोरी."

"आणि हा नवीन? यालाही कुणी भाची असेल?"

"असेलही. पण तिच्या गावावरून हा पाट जात नाही."

पेरोनेलने थोडा विचार केला. मग तिने ती जाड ढलपी फ्रॉकला पुसून कोरडी केली आणि खिडकीत मामाच्या ढलप्यांशेजारी उन्हात ठेवली.